आडातलं कुलूप

स्मृतिभ्रंश झाल्यापासून उकंडराव रोज दिवस मावळला की स्वतःच्याच घरातून उठत आणि म्हणत, "लई उशीर झाला, घरी जातो." बायको द्वारकाबाई त्यांना टोपी घालून देई, वेशीपर्यंत सोबत चाले आणि "आलं बघा घर" म्हणत माघारी आणी.

मुलानं, बालाजीनं, हिंगोलीहून कुलूप आणलं. "माय, लोक हसून राहिले. आता बाहेरून कुलूप लावत जा."

द्वारकाबाईनं कुलूप उचललं आणि परसातल्या आडात फेकलं.

"काहून फेकलं, माय?"

"तिथं आधीचं एक हाय. नवी नवरी व्हते तवा मी बी रोज माहेराची वाट धरायची, म्हणून तुझ्या आजीनं आणलेलं. ते तुझ्या बापानं फेकलं, अन् रोज वेशीपर्यंत माझ्यासंगं चालला."