वाटाण्याची ट्रायल

"आधी तुम्ही बसा, मग मी," ती म्हणाली. "नाहीतर मागच्या खेपेसारखा तुमचा कोपर माझ्या नाकावर."

गाडीचं दार पुढून उघडायचं, फ्रिजसारखं. तिचा नवरा आत सरकला आणि स्टिअरिंगमागे पाय दुमडून बसला. ती शेजारी शिरली, बॅग मांडीवर घेतली, दार ओढून घेतलं. शनिवारची कोवळ्या उन्हाची सकाळ होती आणि तिला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

गाडी हिरवी, गोल आणि तीन चाकांची. तिने नाव ठेवलं होतं वाटाणा. त्याआधी एक लालभडक दोन-सीटर झाली होती, तिचं नाव मिरची.

ही चैन गेल्या वर्षी सुरू झाली. तो मेकॅनिक, त्याचं गॅरेज होतं जुन्या, चिमुकल्या, चमत्कारिक गाड्यांचं. ती पडदे शिवायची, तेही झकपक हॉटेलांचे. काम आवडलं की हॉटेलवाले म्हणायचे, "एखाद्या शनिवारी खोली रिकामी असली की या दोघं." आणि गॅरेजात कुठली ना कुठली गाडी दुरुस्त होऊन उभी असायचीच.

"लांबची ट्रायल घ्यायला नको?" तो साळसूदपणे म्हणायचा.

गाडीच्या मालकाला विचारायचं मात्र दर वेळी राहून जायचं. तेवढं एक तिला टोचायचं.

"वाटाण्याचे डॉक्टर काय म्हणतात?" रस्ता मोकळा झाल्यावर तिने विचारलं. डॉक्टर म्हणजे गाडीचे मालक, दातांचे डॉक्टर, वयाने साठीचे. तिने त्यांना दोन-तीनदा गॅरेजात पाहिलं होतं.

"आता म्हणे चौथ्या गिअरला शिटी वाजते."

"वाजते?"

"कुठली वाजतेय! गाडी ठणठणीत आहे. दहा महिने झाले. एक आवाज बंद केला की यांना दुसरा ऐकू येतो. दुपारी येतात, गाडीत बसून डबा खातात आणि जाताना सांगतात, राहू द्या अजून, घाई नाही. आणि घरी फोन मात्र करू नका."

"एवढा जीव आहे हो त्यांचा गाडीवर. आणि आपण..."

"एका दिवसात काय झिजते ती?"

"पण कळलं तर?"

"तर गॅरेजला कुलूप. एकाने बोंब मारली की दुसरा कोण गाडी ठेवेल माझ्याकडे?" तो हसत म्हणाला.

हॉटेल म्हणजे पूर्वीची पाण्याची टाकी. उंच, गोल, एका मजल्यावर एकच खोली. त्यांची पाचव्या मजल्यावर. भिंत गोल, खिडकी गोल, पलंगसुद्धा गोल.

"पाय कुठल्या दिशेला करायचे गं?" तो पलंगावर भोवऱ्यासारखा फिरत राहिला.

ती मात्र आधी पडद्यांकडे धावली. वाकड्या दांडीवरचे पडदे शिवताना महिनाभर तिची झोप उडाली होती. तिने सर्रकन ओढले, पुन्हा उघडले. "बघा, कुठे झोळ दिसतोय?"

"झोळ असलाच तर माझ्या धंद्यात असेल, तुझ्या पडद्यांत नाही."

ती हसून हसून बेजार झाली. संध्याकाळी दोघं गच्चीवर आरामखुर्च्या ओढून बसली आणि पुढच्या खेपेला कुठली गाडी, कुठलं हॉटेल, याचे मनोरे रचत राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली निदान अठरा तिला त्या क्षणी आठवतही नव्हती.

रविवारी सकाळी खाली गलका ऐकू आला. तिने खिडकीतून डोकावलं. वाटाण्याभोवती ही गर्दी! कुणी फोटो काढतंय, कुणी दार कुठून उघडतं ते शोधतंय. तिला आपलंच कौतुक होत असल्यासारखं वाटलं. मग तिला टपावर ठेवलेला एक हात दिसला. त्या हातामागचा पांढऱ्या केसांचा माणूस दिसला.

"अहो," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टर."

त्याने वाकून पाहिलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"मागच्या जिन्याने जाऊया?"

"आणि गाडी?" तो पलंगाच्या कडेला बसला. मग उठला, शर्ट चढवला, तोही उलटा. "चल. जाऊन खरं सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

खाली येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही. डॉक्टरांच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, उंच, चष्म्यातून रोखून पाहणाऱ्या.

"तुमची का हो ही गाडी?" बाईंनी विचारलं.

"नाही... म्हणजे, डॉक्टर, तुम्हाला खरं सांगायचं तर..."

"यांचीच!" डॉक्टर मोठ्याने म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "अगं, यांनीच तर घेतली आपली गाडी!"

मेकॅनिकचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या बायकोने त्याला हळूच चिमटा काढला.

"असं होय!" बाईंचा चेहरा उजळला. "मीच विकायला लावली हो यांना. माझे गुडघे हनुवटीला टेकायचे आत. वर सुटीचा दिवस आला की हे गाडीखाली आणि मी स्वयंपाकघरात एकटी. शेवटी म्हटलं, घरात एक तर ती राहील नाहीतर मी." त्यांनी दोघांकडे पाहिलं, गाडीच्या चकचकीत टपाकडे पाहिलं. "पण छान ठेवलीत. चांगल्या घरी पडली म्हणायची. थांबा, मी पर्स घेऊन येते, तुम्हा दोघांचा गाडीबरोबर फोटो काढते."

त्या आत गेल्या. मेकॅनिकने हात जोडले.

"डॉक्टर, चुकलं माझं. विचारायला हवं होतं. उद्या सकाळीच गाडी तुमच्या दारात..."

"वेडे की काय! दारात कुठे आणताय?" डॉक्टरांनी घाईने दरवाज्याकडे वळून पाहिलं, त्याच्या कानाशी वाकले आणि अगदी अजिजीने म्हणाले, "तुमच्याकडेच राहू द्या. फक्त महिन्यातून एकदा मला चालवायला द्याल का?"