प्रश्न अकरावा

अण्णांनी चौथ्यांदा "हां हां, बिलकुल" म्हटलं, तेव्हा वैष्णवीने कुकरखालचा गॅस बारीक केला आणि लेकीला, चिऊला, कडेवर घेऊन ती बाहेर व्हरांड्यात आली.

तिचे सासरे आरामखुर्चीत पाहुण्यासमोर बसावं तसे ताठ बसले होते. समोर वीसेक वर्षांची मुलगी. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॅबलेट. बाजूला अण्णांनी स्वतः आणून दिलेलं पाणी आणि गुळाचा खडा.

"सर्व्हे आहे गं," अण्णा म्हणाले. "शिक्षणाबद्दल. बिचारी सकाळपासून देवासभर उन्हात फिरतेय. चांगलंच विचारतेय सगळं."

चांगलंच विचारतेय म्हटल्यावर वैष्णवीच्या कपाळावर आठी पडली. सरकारी कागद घेऊन दारात येणारं माणूस उगाच गोड विचारत नाही, हे तिचं ठाम मत.

"पिछला सवाल फिर से पढना जरा," ती मुलीला म्हणाली.

मुलीने काचेवर बोट सरकवलं. "सवाल ग्यारह. क्या आप चाहेंगे कि आपके बच्चे लायब्ररी, कंप्यूटर और मैदान वाले बडे स्कूल में पढें?"

"बाबूजींनी काय सांगितलं?"

"हां कहा ना, भाभी."

"ये बडा स्कूल है कहां?"

"वो इसमें नहीं लिखा, भाभी."

"और छोटे वाले का क्या करोगे?"

"वो भी नहीं लिखा."

छोटी शाळा गल्लीच्या टोकाला होती. दोन खोल्या आणि एक हातपंप. तिथली घंटा वैष्णवीला स्वयंपाकघरात ऐकू यायची. येत्या सत्रात चिऊ तिथे पहिलीत जायची होती. अजून दप्तर घेतलेलं नव्हतं, पण भाजीची पिशवी पाठीला लावून ती रोज फाटकापर्यंत "शाळेत" जायची आणि परत येऊन दमल्यासारखी बसायची. मोठी शाळा या भागात एकच, हायवेच्या पलीकडे. इंदूरहून भोपाळकडे सुटलेले ट्रक तिथे मोठ्या माणसालासुद्धा दहा-दहा मिनिटं अलीकडेच उभं करून ठेवत.

"अण्णा, हो कशाला म्हणालात? उद्या हेच 'हां' दाखवून छोटी शाळा बंद करतील."

अण्णा ओशाळले. "दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं गं? आपलं पाणी प्यायली पोर. आणि नाही म्हटलं तर तिला वाटायचं, म्हातारा मुलींच्या शिक्षणाच्या आड येतोय."

"पूरी गली ने हां बोला है," मुलगी कौतुकाने म्हणाली. "सौ परसेंट."

वैष्णवीला ते न बघताही दिसलं. शेजारच्या सावित्रीबाईंनी सरबत केलं असणार. समोरच्या दत्ताजींनी टेबलफॅन हिच्याकडे वळवला असणार. आणि प्रश्न पुरता व्हायच्या आत दोघांनी मान डोलावली असणार. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी महाराष्ट्रातून येऊन या गल्लीला तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण परक्या गावात नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, ही पहिल्या दिवसाची सवय कुणाचीच सुटली नव्हती.

"तू कुठली गं?" तिने विचारलं.

"निसरपुर. कुक्षी के पास."

"जुनं की नवं?"

"नया. पुराना तो डॅम के पानी में है ना, भाभी."

"तेव्हा तुमच्याकडेही कुणी विचारायला आलं होतं?"

मुलीने पहिल्यांदाच टॅबलेटवरून मान वर केली. "दादी से कुछ पूछा होगा. मैं छोटी थी." मग थोडं थांबून म्हणाली, "पक्का घर चाहिए क्या, ऐसा पूछें तो कौन मना करेगा?"

आत कुकरने शिट्टी दिली. कुणीच उठलं नाही.

"बदल ते उत्तर," वैष्णवी म्हणाली. "नाही लिही."

"अगं, पण..." अण्णा खुर्चीत चुळबुळले.

"अण्णा, चिऊला तो रस्ता रोज कोण ओलांडून देणार? तुमचे गुडघे की माझे हात?"

मुलीने एक पान मागे घेतलं आणि टॅबलेट वैष्णवीपुढे धरला. "लो, आप ही दबा दो."

वैष्णवीने तो एका हाताने घेतला, चिऊला जरा वर सरकवलं आणि "नहीं"वर बोट ठेवलं. पान उलटलं. वर ठळक अक्षरात आलं, असहमति का कारण चुनिए. खाली चार चौकोन होते. पढाई में रुचि नहीं. बेटी को पढाना जरूरी नहीं समझते. घर के काम में मदद चाहिए. जानकारी का अभाव.

तिने ते वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. रस्ता कुठेच नव्हता. ट्रक नव्हते. "इतर" असाही चौकोन नव्हता.

"यातलं एकही नाही," ती म्हणाली.

"इतने ही हैं, भाभी. एक चुने बिना आगे नहीं बढता."

चिऊने चमकत्या काचेकडे बोट नेलं. वैष्णवीने ते आपल्या मुठीत धरलं.

"जाऊ दे गं," अण्णा हळूच म्हणाले. "तिला अजून पुढची घरं करायची आहेत."

मुलगी उठून जवळ आली. अण्णांना ऐकू जाऊ नये इतका आवाज तिने खाली आणला.

"वापस हां कर दूं, भाभी? हां में कारण नहीं पूछते."

वैष्णवीने टॅबलेट परत दिला नाही.