मुदतीच्या तापाचा माग

"किटली खाली ठेव, बिराप्पा," लालासाहेब म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी कुंडलच्या चावडीपुढची सगळी माणसं त्याच्याकडं वळली.

बिराप्पानं किटली खाली ठेवली. "डाक्टर, हाटेल बंद केलं तर आमी खायाचं काय? पोरीचं लगीन ठरलंय."

"तुला मुदतीचा ताप, टायफाइड, येऊन गेलाय का न्हाई?"

"आल्ता की. त्येला लय वर्सं झाली. आता ठणठणीत हाय मी."

"त्येचंच भ्या हाय. ताप जातो, पर एकांद्याच्या पोटात जंतू ऱ्हात्यात. त्येला सोताला काय बी होत न्हाई. त्येच्या हातचं खाणारा मातुर आजारी पडतो."

माणसं आपापले हात बघायला लागली. कडेला उभी असलेली विजयमाला मात्र त्याच्याकडंच बघत होती. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाचा माग काढणारा हा माणूस तिचा सख्खा भाऊ होता.

लालासाहेब डॉक्टर झाला होता, तरी मिरजेला परत कॉलेजात शिकत होता. रोग्याला गोळ्या द्यायचं हे शिक्षण नव्हतं. साथ कुठनं आली, कुणाकडनं कुणाकडं गेली, हे हुडकायचं. देवीचा रोग देशातनं हाकलायच्या कामात तो गावोगाव हिंडला होता.

"डाक्टर झाला आन् परत शाळंत? नापास झाला व्हय गं?" असं शेजारच्या भाऊसोनं एकदा विचारलं, तर विजीनं शेणाची पाटी त्याच्या पायावर ओतली होती. आता भाऊसोचा थोरला नातू त्याच तापात गेला होता आणि भाऊसो लालासाहेबाला बघितलं की हात जोडत होता. विजीला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

ताप दिवाळी झाल्यावर सुरू झाला. ते कळताच लालासाहेबानं कॉलेजातल्या सरांना सांगून अभ्यासाला आपलंच गाव मागून घेतलं आणि येऊन राहिला. नशीब, दिवाळीच्या सुट्टीतच त्यानं घरच्यांना लशीच्या सुया टोचल्या होत्या. दिवसभर तो रोग्यांच्या उशाला बसायचा.

"दादा, तुला भ्या वाटत न्हाई?" विजीनं विचारलं होतं.

"मला येऊन गेलाय की. डोक्याची केसं गेलती, इसरलीस? मला न्हाई परत धरत."

रोग्याकडनं आला की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा. ते बघायला बायका दारात यायच्या. पण त्यांना खरं नवल वाटायचं ते सकाळचं. दिवाळीत गोठ्यात पाय घसरून त्याची आई येसूबाई पडली, मनगट मोडलं. तेव्हा सुट्टीभर, आणि आता मुक्कामाला आल्यापासनं रोज, लालासाहेब वढ्याकडं परसाकडला जाऊन आला की हातावर पाणी घ्यायचा, चूळ भरायचा आणि रवीला बसायचा. एवढा शिकलेला माणूस, आणि ताक घुसळतो! विजीच्या हातात रवी द्यायची सोय नव्हती. लोणी येईना म्हणून तिनं एक डेरा फोडला होता. ती ताक पोचवायची तेवढी.

हॉटेल बंद झालं. बिराप्पा बंद दारापुढं बसून राहायला लागला. पोरीच्या सासरकडनं निरोप आला, लग्न थांबवा.

आणि गल्लीतली हरणाबाई तापानं पडली.

म्हातारीनं जन्मात चहा घेतला नव्हता. हॉटेलाची पायरी चढली नव्हती. पाणी घरच्या आडाचं.

"बाहीरचं काय खाल्लं का, आज्जे? काय इकत आणलं?"

"न्हाई रं लेकरा. काय सुदीक न्हाई."

सगळ्या घरांचं हेच उत्तर. लालासाहेबानं गावाचा नकाशा काढून सोप्याच्या भिंतीला लावला होता. आजारी घराला लाल टिपका. रात्र रात्र तो त्या टिपक्यांकडं बघायचा.

त्या सकाळी तो लोणी काढत बसला होता. विजी रिकामी कळशी घेऊन ताकासाठी खोळंबली होती. उगंच नकाशाकडं बघत उभी होती. बघता बघता तिनं बोट पुढं केलं.

"दादा, ही तर माजी ताकाची वाट काढलीस की तू."

"काय म्हणालीस?"

"आरं ह्ये भाऊसोचं घर. फुडं हरणाबाई. मग वळून ह्ये, ह्ये, ह्ये. ह्या मधल्या घरात दोन म्हशी हायत्या, त्येंला मी देत न्हाई. बघ, टिपका बी न्हाई."

लालासाहेबाचा हात डेऱ्यातच थांबला. "घरोघर इचारलं मी, बाहीरचं काय घेता. ताकाचं एकानं तोंडातनं काडलं न्हाई!"

"कशाला काडत्यात?" येसूबाई चुलीपासनं हसली. "ताक काय कोण इकत घेतं व्हय? शेजारचं ताक म्हंजे घरचंच."

विजीला नाचावंसं वाटलं. माग लागला! तिच्यामुळं लागला! बिराप्पाचं हॉटेल आता उघडणार, पोरीचं लग्न होणार.

लालासाहेब मात्र हळू आवाजात विचारत होता, रोग्याला विचारावं तसं. "आई, तुला कवा मुदतीचा ताप आल्ता का?"

"न्हाई बाबा."

"विजीला?"

"हिला? हिला तापच भितोय."

"आबास्नी? आठीव नीट."

"तुज्या वडलास्नी? त्येंला तर सादी सर्दी म्हाईत न्हाई. आपल्या घरात मुदतीचा ताप एकट्या तुलाच की रं, लाला."

लालासाहेबानं डेऱ्यातनं हात वर काढला. लोण्याचा गोळा त्याच्या पाच बोटांत तसाच होता, आणि मनगटावरनं ताक परत डेऱ्यात ठिबकत होतं.