पटावरची विसावी

"सर, निबंधात आईबापाची लबाडी लिहिली तर चालते का?"

हर्षालीनं विचारलं आणि मागच्या बाकावर पुष्पा आणि सकू ओढण्या तोंडात कोंबून हसल्या. पैज त्यांचीच होती. विचारलंस तर टोपलीभर करवंदं, नाही तर शिरपामाळापर्यंत अनवाणी चालायचं.

जव्हारच्या वाचनालयात त्या तिघी आणि सुदर्शन सर, एवढेच होते. बारावीची परीक्षा झाली होती. पुण्याच्या एका कॉलेजात मार्कांइतकंच निबंधाला महत्त्व आहे हे सरांनी शोधून काढलं होतं, आणि भर मे महिन्यात ते पोरींकडून लिहून घेत होते.

सर हसले नाहीत. "खरी असेल तर चालते. पण 'माझे वडील लबाड आहेत' एवढंच लिहिलंस तर कोण वाचणार? तारीख लिही. जागा लिही. तिथं कोण होतं, काय बोललं, ते लिही. वाचणाऱ्याला उठून तपासून बघता आलं पाहिजे. आणि शेवटी तुला काय हवंय ते एका वाक्यात माग. लाजायचं नाही."

"ही कसली लाजते," सकू म्हणाली. "नवऱ्याचा फोटो बघून म्हणाली, याच्या कानात केस आहेत."

हर्षालीही हसली. जरा उशिरानं.

मोखाड्याचं स्थळ होतं. पंकज नाव, लग्न पाच जूनला. गोकुळ मास्तरांनी मात्र लेकीला शब्द दिला होता. "पुण्याला निवड झाली तर लग्न पुढं ढकलू. निकाल तीस मेला ना? तोवर लिही काय लिहायचं ते."

त्या शब्दावर हर्षाली आठवडाभर नाचली होती. मग शाळेचा दाखला शोधताना कपाटात पाच जूनच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. छापून आलेला, हळदीचं बोट लावलेला. तिनं सुतळीची गाठ होती तशीच परत बांधली आणि कुणाला काही बोलली नाही.

गावी, साखरशेतला परतली तेव्हा अंगणात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. काल कासार येऊन तिच्या मनगटाचं माप घेऊन गेला होता. रोज एकेक वस्तू घरात येत होती आणि तिच्याकडं कुणी धड बघत नव्हतं.

"आई, पटाची गोष्ट सांग ना. निबंधात घालते."

नीताचा चेहरा खुलला. ही गोष्ट त्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर मिळायची. "अगं, शाळेत पोरं एकोणीस. वीस झाली नाहीत तर शाळा बंद, तुझ्या बाबांची बदली. साहेब तपासणीला यायचे होते. बाबांनी तुला माझ्या कडेवरून उचललं आणि पहिलीत नेऊन बसवलं. चार वर्षांची होतीस. साहेबांसमोर झोपलीस आणि चड्डी ओली केलीस."

"आणि जन्मतारीख?"

"ती सगळ्या पोरांची घालतात तीच. एक जून."

"खरी कुठली?"

"मला मेलीला काय आठवतंय. भात कापणीला आलं होतं. हिराबाईला विचार, तिनंच मोकळी केली मला."

हिराबाई नर्स निवृत्त होऊन गावातच राहिल्या होत्या. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुनी वही काढली आणि चष्मा पुसून वाचलं. "सहा ऑक्टोबर. मुलगी. वजन दोन किलो तीनशे. सालासकट उपकेंद्राच्या रजिस्टरातही आहे बघ." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला हवंय गं?"

"निबंधाला. सर म्हणाले, तपासता आलं पाहिजे."

हिराबाईंनी वहीच तिच्या हातात दिली.

निबंध तीन पानं झाला. सरांनी पहिली दोन वाचली आणि एकही शब्द खोडला नाही. तिसरं तिनं दाखवलं नाही. "शेवट अजून कच्चा आहे," म्हणाली.

अर्जाला पालकांची सही लागत होती. मास्तर ओट्यावर आमंत्रणाची यादी करत बसले होते. पहिलं पान वाचून ते खदखदून हसले.

"चड्डीचं कशाला लिहिलंस? पण लिहितेस झकास, बाय." उरलेली पानं त्यांनी न वाचताच उलटली. आयुष्यभर हजेरीवर सह्या केलेला हात. तळाशी 'वरील मजकूर खरा आहे' या ओळीखाली तो आपोआप फिरला. दोन प्रतींवर, दोनदा.

"बाबा, पंकजकडच्यांना तर मेमध्येच लग्न हवं होतं ना?"

"हवं होतं. मी नाही म्हटलं." मास्तर ताठ बसले. "कायद्यानं चालणारा माणूस आहे मी. एक जून उलटू दे म्हटलं, अठरा पूर्ण होऊ देत. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

त्यानंतर तीस मे आला. दुपारी मांडवावर जांभळाचे डहाळे चढत होते. पुण्याहून काय आलं हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांना त्याची गरज वाटत नव्हती.

खालच्या वळणावर मोटारसायकल वाजली. मागून जीपही येत होती.

"मोखाड्याची माणसं आली वाटतं," नीतानं पदर सावरला.

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला. "छे, ग्रामसेवक आहेत. आणि मागं पोलीस कशाला? त्यांना तर अजून पत्रिकाही दिली नाही."

"मी बोलावलंय," हर्षाली म्हणाली. तिनं मनगटातल्या नव्या बांगड्या काढून आईच्या हातात दिल्या. "आई, बाबा, मी ठरवलंय. निबंधाची एक प्रत पुण्याला गेली, दुसरी ग्रामसेवकांना दिली. हिराबाईंची वही सोबत आहे, खाली बाबांची सही आहे, आणि शेवटच्या वाक्यात मी एवढंच मागितलंय, की या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवा."