उलटी टाच

घोडी पुन्हा रिंगणाच्या मधोमध थांबली. गिऱ्हाइकाने टाच मारली. मग दोन्ही टाचा मारल्या. मग खोगिरावर पोत्यासारखा वरखाली आदळला. घोडी जमिनीत पुरल्यासारखी उभी. शेवटी तो उतरला, विजारीला चिकटलेले केस झटकले आणि म्हणाला, "मास्तर, ही घोडी नाही, खुंटी आहे. चार कोट अडकवा हिच्यावर."

फाटकापाशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या लेकीने हसू लपवायला मान खाली घातली. परत गेलेलं हे तिसरं गिऱ्हाईक.

मास्तर कच्चे घोडे आणत, शिकवून तयार करत आणि विकत. ही घोडी मात्र तबेल्यातच जन्मली होती. तिची आई वितानाच मेली, तेव्हा लेकीने शिंगराला दर दोन तासांनी बाटलीने पाजून जगवलं होतं. चार वर्षांची झाल्यावर मास्तरांनी ती शिकवायला मुलाच्या ताब्यात दिली. मुलाला घोड्यातलं काडीचं कळत नव्हतं. हातात चाबूक आला की अक्कलही आली, अशी त्याची समजूत. लेकीने दोनदा विचारलं होतं, मी शिकवू का. दोन्ही वेळा बाप हसला होता. बाईचा हात लागला की घोडा बिघडतो, हे त्याचं ठाम मत. अकरा घोड्यांचा खरारा, अकरा घोड्यांची लीद, अकरा घोड्यांचे खूर रोज तीच बघायची. तो हात बहुधा बाईचा नसावा.

गिऱ्हाइकाची गाडी वळणाआड गेली. मुलगा म्हणाला, घोडीच्या डोक्यातच भुसा आहे, त्याला मी काय करू. मास्तर नळाखाली हात धूत होते. लेकीने बादली उचलता उचलता, सहज सुचल्यासारखं म्हटलं की विकली जात नसेल तर राहू दे, एक घोडी काही जड नाही.

"विकली जात नाही कोण म्हणालं?" मास्तरांनी हात सदऱ्याला पुसले. "घोडी म्हणून नाही जात, तर वजनावर जाईल. खाटकाची गाडी येतेय बारापर्यंत."

बादली तिच्या हातातच राहिली. सहा महिने तिने एवढाच विचार केला होता, की विकणं नाही जमलं तर ठेवणं आलं. तिसरी वाट तिला दिसलीच नव्हती. बापाला ओळखून तीस वर्षं झाली होती, तरी दिसली नव्हती.

मग तिने सगळं सांगून टाकलं. रोज दुपारी बाप आणि भाऊ जेवून आडवे झाले की ती घोडी रिंगणात न्यायची. हलकेच टाच लावायची आणि त्याच क्षणी लगाम खेचून थांबवायची. थांबली की गाजर, थांबली की खोगीर खाली, सुट्टी. पंधरा दिवसांत लगामाची गरज उरली नाही. टाच म्हणजे थांब. जोरात टाच म्हणजे हलूच नकोस. सगळ्या जगातले घोडे ज्याला पळ समजतात, त्याला ही घोडी थांब समजत होती. कुणी विकत घेऊ नये म्हणून.

भाऊ खो खो हसला. थापा मारते, म्हणाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी नुसतं रिंगणाकडे बोट केलं.

ती चढली. पाय सैल सोडले, जीभ टाळ्याला लावून एक बारीक आवाज काढला आणि घोडी निघाली. दुडकी, मग धाव, मग कोपऱ्यावर आतल्या अंगाला झुकून असं वळण, की भावाचं हसू तिथल्या तिथे विरलं. भोवऱ्यासारखी ती फिरली आणि फिरताना वाळूसुद्धा उडाली नाही. असा घोडा मास्तरांच्या हातून आयुष्यात एखादाच तयार झाला असेल. नसेलही.

"आता टाच लाव," मास्तर म्हणाले.

तिने लावली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने लावली, अगदी नखाएवढी. घोडी जागच्या जागी थांबली, मान वळवून तिच्या गुडघ्याला तोंड घासू लागली. मास्तरांनी आणखी दोनदा करून घेतलं. दोन्ही वेळा तेच.

किती दिवसांत मोडेल हे, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, सहा महिने. मग म्हणाली, चार. मग म्हणाली की मोडायचं तरी कशाला, मीच बसत जाईन, माझ्याकडे चालते ना ती. बोलता बोलता तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, भीक मागितल्यासारखा.

मास्तरांनी शांतपणे समजावलं, एरवी गिऱ्हाइकांना समजावत तसं. तिघांनी बघितलीय, तिघांनी दहा जणांना सांगितलंय, चौथा फाटकात पाऊल टाकणार नाही. आणि एकाच माणसाला चालणारी घोडी पोसायला हे काही देऊळ नाही, तबेला आहे. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. भाऊ फाटक उघडायला धावला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठल्या कामाला धावला असेल.

ती उतरली नाही. मास्तरांनीच तिचा पाय रिकिबीतून सोडवला आणि हाताला धरून तिला खाली घेतलं. मग खोगीर काढलं, घोडीच्या गळ्यात दोर अडकवला आणि जाता जाता लेकीच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप त्यांनी मुलालासुद्धा कधी मारली नव्हती.

"हात आहे तुला," ते म्हणाले. "उद्यापासून बाकीचे दहा तू शिकवायचे."