मोरीतला सांधा

तारापूरच्या बांधकामावर फिटरच्या हाताखाली लागल्यापासून वामन नवापूरच्या जुन्या घरातले नळ स्वतःच दुरुस्त करायचा. आज सकाळी मोरीतला सांधा गळू लागला आणि गुंडाळायला घरात सूत नव्हतं. त्यानं ट्रंकेतलं आईचं लुगडं काढलं, काठाची पट्टी फाडली आणि सांध्यावर आवळली. गळती थांबली. उरलेलं लुगडं त्यानं घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं.

ते लुगडं आईनं जाताना धाकट्या लेकीसाठी, चंद्रकांतासाठी ठेवलं होतं. दुपारी ती आईच्या वर्षश्राद्धाला आली, तेव्हा वामनला बहिणीकडे बघवेना.

"दादा, आयचं लुगडं दे ना."

त्यानं खाली मान घालून ट्रंक पुढे सरकवली. झाकण उघडलं, तसे मोरीत उघड्या सांध्यातून पुन्हा थेंब पडू लागले.

चंद्रकांतानं घडी उलगडली. "काठ फाटलेला काय रे? शिवलाय. टाके आयचेच हायत," ती म्हणाली. "पन वला कसा?"