गाठीची खूण

गाठींच्या गणितावरच्या उन्हाळी संशोधन शिबिरात जालन्याची शाहीन पहिल्याच दिवशी मागे पडली. तिला ऐकू येत नव्हतं आणि गणितातल्या निम्म्या शब्दांना खुणाच नव्हत्या. दुभाषी मॅडम एकेक अक्षर बोटांनी दाखवीत, तोवर चर्चा पुढे निघून जाई.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर 'गाठ' लिहिलं आणि दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. मग खुणांनीच म्हणाली, "रोज नव्या खुणा शिकवीन. शिकलात तरच मला वाद घालता येईल." मॅडमनी ते सगळ्यांना सांगितलं. मुलं हसली, पण शिकली.

शिबिर संपता संपता एका सिद्धतेवरून शाहीनची इतरांशी जुंपली. सगळ्यांचेच हात भराभर चालत होते. आपला मुद्दा पटवून झाल्यावर तिचं शेजारच्या खुर्चीकडे लक्ष गेलं.

मॅडम केव्हाच चहाला गेल्या होत्या.